कोऱ्या तळाचा बूट

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो, डाव्या पायाचा. पण मला उलटा केलात तर माझा तळ जवळजवळ कोरा दिसेल. बुटाच्या जन्माला येऊन याहून वाईट ते काय?

मला बनवलं एका सोळा वर्षांच्या मुलीसाठी. घरात तिला अजून छकुलीच म्हणतात. तिला लहानपणापासून संधिवात. "हा तर म्हाताऱ्यांचा आजार," असं लोक म्हणत, पण तिच्या डाव्या घोट्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. कारागिराने तिच्या पावलांचे ठसे घेतले, बोटांना ऐसपैस जागा ठेवली, टाच घट्ट धरेल अशी केली. "दिसायला बेताचेच आहेत," तो म्हणाला, "पण पायात राहिले तर चालवतील."

आणि आम्ही चालवलं. पहिल्याच आठवड्यात ती भिंतीला हात न लावता जिना उतरली. बाबा नुसते बघत राहिले. माझी छाती फुगली, म्हणजे बुटाची फुगेल तेवढी.

मग वर्गातल्या मैत्रिणीने विचारलं, "काय गं, आजोबांचे बूट घालून आलीस?" सगळ्या हसल्या. छकुलीही हसली. थोड्याच दिवसांत तिच्याकडे मखमली सपाता आल्या, अगदी पातळ तळाच्या.

तेव्हापासून ती घरातून आम्हाला घालून निघे. जिन्याखाली आली की आम्ही पिशवीत आणि सपाता पायात. संध्याकाळी याच्या उलट. आईच्या डोळ्यांत धूळ फेकायला तो एक जिना पुरत होता.

पिशवीत मला दिसत काही नसे, ऐकू मात्र येई. आधी तिची पावलं सारखी पडत. पुढे डावं पाऊल उशिरा येऊ लागलं. मग ते घासत येऊ लागलं. मला भीती वाटू लागली.

दवाखान्यात मात्र ती आम्हालाच घालून जाई. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं, तेव्हा तिने ओठ दाबून चालून दाखवलं.

"दुखतं का कुठे? सकाळी सांधे आखडतात का?"

"छे, मुळीच नाही."

खरं सांगितलं असतं तर सपाता गेल्या असत्या.

"छान. मग औषध थोडं कमी करून बघू," बाई म्हणाल्या. आई खूश झाली. आम्हा बुटांना जीभ असते, पण ती काय कामाची!

आणि आज सकाळी तिचा पाय माझ्यात शिरेना. आईने नाडी पूर्ण सैल केली, तरी शिरेना.

"आत खडा गेलाय वाटतं," म्हणत आईने मला उलटा करून झटकला. खडा पडला नाही. आईची नजर माझ्या तळावर खिळली. कारागिराचा छापसुद्धा तिथे जसाच्या तसा होता.

"तू रोज हेच घालतेस ना?"

छकुलीने पाय मागे ओढला. आईने तिच्या घोट्याला हात लावला. तो सुजून तापला होता.

"डॉक्टरांना काय सांगितलंस तू?" आईने अगदी हळू विचारलं.

बाबांनी तिला उचलूनच खाली नेलं, दवाखान्यात. मी दाराशी नाडी सोडून पडलो आहे.

मित्रांनो, कोणाच्या बुटांना हसू नका. आणि दुखतं का असं कोणी विचारलं, तर दुखतं म्हणून सांगा. सांगायला उशीर झाला की पाय ऐकत नाहीत.

आता जिन्यावर पावलं वाजताहेत. आईची आहेत, बाबांची आहेत. बाबांची जरा जड पडताहेत. तिची अजून ऐकू येत नाहीत.