कुंकवाचं बोट

"कुंकू कुणी लावलं ह्याला?"

भामानं डबी आदित्यच्या नाकासमोर धरली. आत नखाएवढा स्फटिक होता आणि त्याच्या कडेवर लालभडक बोट उमटलं होतं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळा आजच उघडली होती.

"डायरेक्टर सरांनी, अक्का. आयुधपूजेत सगळ्या मशिनींना लावले, मग बोलले, असली आयुध तर हेच. मी कसं नक्को बोलणार?"

"तोंड उघडून बोलायचं."

गॅमा किरण टिपणारा स्फटिक होता तो. पेशंटला निम्म्या किरणांत तपासता यावं म्हणून सात महिने तिनं तो हातानं घासला होता, कारण मशीन कडांचे टवके काढी. बोटाचा घाम लागला तरी कडेवरून वीज झिरपते आणि किरणांची खूण त्या गोंगाटात बुडून जाते. तेवीस वर्षं अंबरपेठहून कामाला येताना भामानं हाताला तेलाचा थेंब लावला नव्हता. आणि ह्या शहाण्यांनी ओलं कुंकू फासलं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"धुतल्यावर निघेल ना?"

"निघेल. वरचा सोन्याचा थरही निघेल. पुन्हा पहिल्यापासून घासायचं."

आदित्यनं हळूच एक कागद पुढे सरकवला. स्फटिक बाद झाल्याचा अहवाल. कारणापुढे आधीच टाइप केलं होतं: 'घासण्यातील त्रुटी. तंत्रज्ञ: भामा.'

"सही करून टाका ना अक्का. मार्चात तुमची रिटायरमेंट. तुम्हाला काय फरक पडतो?"

ह्याला चिमटा धरायला तिनंच शिकवलं होतं. भामानं पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि वर ठसठशीत लिहिलं: 'पूजेत स्फटिकाला कुंकू लावले. लावणारे: संचालक.' खाली सही केली, तारीख टाकली.

"सर भडकतील, अक्का."

"भडकू देत. मीही भडकलेय, मला कुणी विचारलं?"

तिनं घासायचं कापड ओलं करून काचेवर पसरलं. मार्च पाच महिन्यांवर होता आणि काम सात महिन्यांचं.

"हात धुऊन ये," ती म्हणाली. "साबणानं, कोपरापर्यंत. शेवटचे दोन महिने तुला घासायचंय."

तो गेला. भामानं स्फटिक कापडावर टेकवला. पहिल्याच फेऱ्यात कापड लाल झालं. तिनं ते बदललं आणि पुन्हा घासायला घेतलं.