गाडीचा वाटा

विमानतळ, पहाटेचं भाडं, सातशे चाळीस.

मागच्या सीटवर विसरलेली राखाडी छत्री.

दमयंतीच्या दोन पाटल्या, रुमालात बांधलेल्या.

डावीकडचा पुढचा टायर, गुळगुळीत.

चौपन्न हजार.

शेवटचा आकडा कुंदनच्या तोंडी सतत असे. २०१८च्या मे महिन्यात ॲपवाल्या टॅक्सी कंपनीने आपलं कमिशन कापून त्याच्या खात्यात एवढे टाकले होते. एका गाडीचे चौपन्न, म्हणजे दोन गाड्यांचे एकशे आठ, असं पनवेल स्टेशनबाहेर सगळ्यांना सांगून झालं होतं. दुसरी गाडी स्टेशनवरच्या गुरुदत्तची, जुनी घ्यायची, तिच्यावर पंधरा हजारांचा ड्रायव्हर ठेवायचा आणि सुरुवातीच्या पैशांसाठी आईच्या पाटल्या गहाण टाकायच्या. उद्या, सोमवारी.

रविवारी दुपारी दमयंती मासळी विकून आली, हात धुतले, रुमाल पुढ्यात ठेवला आणि आधी हिशोब सांग म्हणाली. नवऱ्याची, काशिरामची होडी मोरा बंदरात होती तोवर होडीचा हिशोब तीच ठेवायची.

कुंदन म्हणाला, गॅसचे पंधरा हजार सहाशे, बाकी सगळं आपलं. आणि चहा, टोल, दंड, दमयंतीने विचारलं. त्याची बायको निशा घरात शिकवण्या घ्यायची. तिने फळा पुसला आणि लिहिलं: दोन हजार नऊशे.

उरले पस्तीस हजार पाचशे.

"आता गाडीचा वाटा काढ," दमयंती म्हणाली.

"गाडीला कसला वाटा, आये? ती काय होडी हाय?"

"होडी काय मासे खायची? जाळं फाटायचं, फळी कुजायची. तुजा टायर बघ जा."

होडीवर डिझेल-बर्फ वजा गेलं की उरलेल्याचे वाटे पडत. खलाशांचे पडत, तसा होडीचाही पडे. तो डब्यात जाई आणि त्याला घरातलं कुणी हात लावत नसे.

हप्ता तेरा हजार दोनशे.
विमा, परमिट साडेतीन हजार.
टायर, सर्व्हिसिंग दोन हजार आठशे.

गाडीचा वाटा: एकोणीस हजार पाचशे.
माणसाचा: सोळा हजार.

निशाने सांगितलं, कंपनी टॅक्सपोटी एक टक्का कापते, रिटर्न भरलं तर तो परत मिळेल, महिन्याला साडेपाचशेच्या आसपास. तिने खाली लिहिलं: सोळा हजार पाचशे पन्नास. शेजारी, कंसात: रोज बारा तास.

"दुसऱ्या गाडीत दुसरा मानूस बसला, की मानसाचा वाटा त्याचा," दमयंती म्हणाली. "मग तुजं काय?"

ड्रायव्हरचे पंधरा हजार वजा. पाटल्यांवरचं व्याज बाराशे, तेही वजा.

साडेतीनशे.

कुंदनला हसू फुटलं. मग निशाला. दमयंतीने पाटल्या हातात चढवल्या आणि जेवायला वाढ म्हणाली.

सोमवारी त्याने गुरुदत्तला नकार कळवला आणि टायर बदलला. स्टेशनबाहेर आता कुणी विचारलं तर तो साडेसोळा सांगतो. आधी टिंगल झाली. मग दोघे जण आपापल्या पावत्या घेऊन निशाच्या फळ्यासमोर बसून गेले. फळीवर बिस्किटांचा डबा आहे, त्यात गाडीच्या वाट्याचे महिन्याला सहा हजार तीनशे पडतात, हप्ता तेवढा बँक परस्पर कापते. झोप बरी लागते.

कुंदनच्या पहिल्या गाडीचं डाउनपेमेंट होडीच्या डब्यातून झालं होतं.