मधाच्या रंगाची मूठ

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना आम्ही सारे दाजी म्हणतो, त्यांनी आयुष्यभर झाडांची कलमे बांधली. रोपवाटिकेतल्या त्या कामात चाकू हे जणू त्यांचे सहावे बोटच होते. कामाच्या त्या एका चाकूवरून मिटत्या चाकूंचा जो छंद त्यांना जडला, तो निवृत्तीनंतरही सुटला नाही. कुणाची मूठ शिंगाची, कुणाची हाडाची, कुणाची शिसवी, तर एकाची शिंपल्याची. प्रत्येकीची शुश्रूषा निराळी, आणि ती दाजी अत्यंत निष्ठेने करीत. शिंगाला उन्हाचे वावडे. त्यावर मेणाचा पुसट हात फिरवावा. हाडाला पाण्यात बुडवू नये, कोरड्या फडक्यानेच पुसावे. शिसवी मुठीसाठी जवसाच्या तेलाचा एक थेंब तळहातावर चोळावा आणि मग मूठ त्या हातात नुसती धरून बसावे. "लाकूड आपल्याला हवं तेवढंच पितं," असे ते म्हणत.

रोज सकाळी सदरा चढवताना एक चाकू निवडून ते खिशात टाकीत. "आज कुणाची पाळी?" असे माझी ताई स्वयंपाकघरातून विचारी, आणि दाजी एखाद्या पाहुण्याचे नाव सांगावे तशा आदराने "आज शिसवी," असे उत्तर देत. चाकू दुसऱ्याच्या हाती देण्याची त्यांची एक रीत होती. मूठ समोरच्याकडे, धार आपल्याकडे. ती मोडलेली मी कधी पाहिली नव्हती.

या सर्वांत त्यांचा प्राण एका चाकूत होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ताईने तो त्यांना दिला होता. त्याची मूठ मधाच्या रंगाची, अर्धपारदर्शक, आत तपकिरी लहरी. दिव्यासमोर धरली की आत उजेड साचल्यासारखा वाटे. "वापरायला दिलाय हं, कपाटात ठेवायला नाही," असे तिने तेव्हाच बजावले होते, आणि ती होती तोवर दाजींनी तिचा शब्द पाळला.

ताई गेली आणि दाजींचा खिसा रिकामा झाला. त्यांनी सगळे चाकू स्वच्छ पुसले, एका पत्र्याच्या डब्यात मांडले, आणि ताईचा चाकू मऊ फडक्यात गुंडाळून मधोमध ठेवला. डब्याच्या झाकणाला रबराची कड होती; वाऱ्याची झुळूकही आत शिरू नये अशी. दमट हवेपासून पोलाद जपावे, एवढाच त्यांचा हेतू. पुढे कित्येक वर्षे त्यांनी तो डबा उघडला नाही.

यंदा एके दिवशी त्यांनी मला तातडीने बोलावून घेतले. मी पोचलो तेव्हा डबा टेबलावर उघडा होता आणि दाजी त्याच्यासमोर एखाद्याच्या उशाशी बसावे तसे बसले होते. पात्यांवर तांबूस गंज चढला होता, पितळेच्या कडा हिरव्या पडल्या होत्या.

"या शास्त्रीबुवा," ते मला नेहमीच्या थट्टेच्या नावाने म्हणाले. "बघा, काय अवस्था झाली."

ताईचा चाकू त्यांनी स्वतःच्या तळहातावर घेतला. मधाच्या रंगाची मूठ आक्रसली होती आणि खिळ्यांपाशी तिला बारीक तडे गेले होते. "बाकीचे गेले तरी सोसेन मी," ते हळूच म्हणाले, "पण हा गेला, तर तिनं माझ्या हातात दिलेलं काहीच उरणार नाही."

दाराशी त्यांची सून उभी होती. ती रुग्णालयात परिचारिका. दिवसातून कितीदा हात धुते, याची घरात नेहमी थट्टा चाले. दाजी भिंतीकडे पाहत म्हणाले, "ओल्या हातांनी पोलादाला शिवू नये. इतकी साधी गोष्ट आहे."

"बाबा, मी नुसती डब्यावरची धूळ पुसली. झाकण उघडलंसुद्धा नाही."

"मी कुठे तुझं नाव घेतलं?"

"नाव नाही घेतलंत. पण त्या भिंतीला काही ओले हात नाहीत हो."

मला हसू आले. दाजींना आले नाही. थोड्या वेळाने सूनबाईने सफरचंद कापायला चाकू मागितला. दाजींनी रोपवाटिकेतला जुना चाकू उघडला आणि टेबलावरून तिच्याकडे नुसता सरकवला. पात्याचे टोक तिच्याकडे होते. तिने ते पाहिले, मीही पाहिले.

फळाच्या फोडी आमच्यासमोर ठेवून ती डब्यावर वाकली. हात मात्र तिने मुद्दाम पाठीशी बांधले होते.

"मामा," ती मला म्हणाली, "वॉर्डात सगळे एकदम आजारी पडले, तर पहिला कोण पडला ते आम्ही आधी शोधतो. बाबा, हे चाकू डब्यात जसे होते तसेच या चादरीवर मांडता?"

दाजी कुरकुरले, पण प्रत्येकाची जागा त्यांना पाठ होती. मांडणी पुरी झाली आणि आम्ही तिघेही वाकून पाहू लागलो. कडेच्या चाकूंवर डाग तुरळक होते. आत यावे तसा गंज दाट होत गेला होता. सर्वांत वाईट दशा ताईच्या चाकूच्या अगदी शेजारच्यांची होती. सूनबाईने त्याचे फडके नाकाशी नेले. "कापूर," ती म्हणाली, "आणि काहीतरी आंबलेलं."

"म्हणजे तुझ्या सासूनं दिलेल्या चाकूला तू दोष देतेस?"

"दोष नाही, बाबा. आजारी म्हणतेय त्याला. आजारी माणसाला कुणी दोष देतं का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे चाकू बनवणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांचे दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला सहाण, दुसऱ्या टोकाला स्टोव्ह. मिस्त्रींनी मूठ हुंगली, आणि बोलण्याआधी उठून स्टोव्ह विझवला.

"सेल्युलॉइड आहे, दाजी, जुन्या काळचं प्लॅस्टिक. चटकन पेटतं. कापूर घालूनच करतात ते. म्हातारं झालं की त्यातून वाफ सुटते आणि पोलाद खाते. मोकळ्यावर असतं तर वाफ उडून गेली असती. तुम्ही ती कोंडून ठेवलीत."

"जपण्यासाठी ठेवला होता."

"सगळे तसंच करतात. ज्याच्यावर जीव, तोच आधी डब्यात."

"आता मोकळ्यावर ठेवला तर?"

"बाकीचे वाचतील, पुसून देतो. ही मूठ मात्र गेली. राहू दिलीत, तर पातंही घेऊन जाईल. काढून नवी बसवू."

"मूठ काढली तर तिचं उरलं काय?" दाजी म्हणाले आणि चाकू घेऊन दुकानाबाहेर पडले.

काही दिवस तो चाकू खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर, इतरांपासून दूर, एका बशीत पडून होता. दाजी येता-जाता त्याच्याकडे पाहत. मग एका सकाळी मुठीचा एक तुकडा आपोआप गळून पडला. त्यांनी तो बोटांनी उचलून बशीतच ठेवला. त्यांचा चेहरा मला पाहवेना.

सूनबाई आत गेली आणि शिंगाची एक फणी घेऊन आली. काळसर, मध्ये फिकट धारी असलेली, बरेच दाते मोडलेली. ताईची फणी मी ओळखली.

"बाळंतपणात मला उठता येत नव्हतं," ती म्हणाली, "तेव्हा आई ह्याच फणीनं माझे केस विंचरायच्या. हळूहळू, गुंता न ओढता. नंतर त्यांनी ती मलाच दिली. हिचा कणा जाड आहे. मुठीच्या दोन्ही बाजू निघतील."

दाजी तिच्याकडे पाहत राहिले. "ही कापायची? अगं, तिची म्हणून तुझ्यापाशी एवढीच एक वस्तू आहे."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय, बाबा? मीही ती ट्रंकेतच ठेवली होती. ट्रंक आणि डबा, दोन्ही सारखेच की."

मिस्त्रींनी फणीची कड कानशीने जराशी घासली, हुंगली, आणि मान डोलावली. "जळक्या केसांचा वास. अस्सल शिंग." जुने खिळे त्यांनी एकेक करून काढले. मुठीचा चुरा ओल्या कागदावर घेऊन तो दुकानाबाहेर नेला. पाते सहाणेवर धरले तेव्हा दिसले की वर्षानुवर्षांच्या धार लावण्याने ते मूळच्यापेक्षा पुष्कळ अरुंद झाले होते. दाजींनी त्या झिजेवरून अंगठा फिरवला. "ह्या झिजेतला निम्मा हात तिचा," ते म्हणाले. "पेन्सिली, फळं, दोरे. मागायची ती माझाच चाकू." त्यानंतर मुठीबद्दल ते पुन्हा हळहळले नाहीत.

शिंगाच्या दोन फळ्या पितळी खिळ्यांनी बसल्या. एका कडेला मोडक्या दात्याच्या मुळाची बारीकशी खाच राहिली होती. मिस्त्री ती घासून टाकणार, तोच सूनबाई म्हणाली, "तेवढी राहू द्या."

त्या संध्याकाळी दाजी ओसरीत बसून नव्या मुठीला मेण लावीत होते. बाकीचे चाकू एका उघड्या तबकात, मोकळ्या हवेत, विसावले होते. सूनबाई कामावरून परतली. तिच्या बाहीचा एक दोरा लोंबत होता.

"बाबा, चाकू देता जरा?"

दाजी उठून उभे राहिले. त्यांनी ताईचा चाकू उघडला, धार आपल्या तळहाताकडे वळवली आणि मूठ तिच्यापुढे केली. तिने ती धरली. अंगठा आपसूक त्या खाचेत बसला. दोरा केव्हाच कापून झाला, तरी ती चाकू मिटेना.

"मी भिंतीशी बोललो, ते तुला लागलं," दाजी म्हणाले. "आणि तू मला हे दिलंस. कसे आभार मानू, सूनबाई, मला सुचत नाही."

"मानू नका. आईंनी माझे केस विंचरले, तेव्हा मी तरी कुठे मानले होते?"

दाजींनी डोळे पुसले, आणि मग कितीतरी वर्षांनी त्यांच्या आवाजात जुना खट्याळपणा आला. "बरं, मग आता घरात एक प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. उद्या कुणाची पाळी?"

तिने तबकाकडे पाहिले, थोडा विचार केला.

"शिसवीची," ती म्हणाली, आणि हातातला चाकू मिटून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात स्वतः ठेवला. "पण हा रोज असू द्या."