रिठदची मुक्कामी गाडी

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो, पण नुसती गाडी नाही. माझ्या पोटात घर आहे. दोघांना पुरेल असा पलंग, एक शेगडी, भांडी घासायला छोटी मोरी, टपावर पाण्याची टाकी आणि खिडक्यांना लिलाबाईंनी जुन्या साडीचे शिवलेले पडदे. शहरातले लोक अशा गाड्यांना कॅराव्हॅन की काहीसं म्हणतात. रिठदला मला सगळे मुक्कामी गाडी म्हणायचे, आणि मला तेच नाव आवडतं.

जन्मापासून मी अशी नव्हते. तरुणपणी मी अकोल्यात शाळेची मुलं ने-आण करायचे. मुलांनी माझ्या सीटा फाडल्या, पण मला कधी त्यांचा राग आला नाही. बरं, थोडासा आला. पुढे मालकानं नवी बस घेतली आणि मला कोपऱ्यात लावून दिलं. तिथंच मला जानराव भेटले.

जानराव एसटीत ड्रायव्हर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांच्या वाट्याला मुक्कामी फेऱ्या आल्या. म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावी बस न्यायची, बसमध्येच झोपायचं आणि सकाळी तीच बस परत आणायची. त्यांची बायको लिलाबाई तेवढ्या सगळ्या रात्री घरी एकट्या असायच्या. मला दारात उभी करून जानराव त्यांना म्हणाले, “नोकरीभर मी मुक्कामाले गेलो अन् तू घरी एकटी राह्यली. आता मुक्काम दोघाईचा.”

लिलाबाईंनी माझ्या फाटक्या सीटांकडे पाहिलं. “पह्यले धुवा तं खरी तिले,” त्या म्हणाल्या. त्यांचा होकार असाच असे.

रिसोडच्या मदनसिंग मिस्त्रीनं माझ्या पोटातलं घर बांधलं. जानराव फार नियमाचे. बदललेल्या गाडीची नोंद त्यांनी वाशिमच्या आरटीओत करून घेतली आणि मगच मला रस्त्यावर काढलं. हौस म्हणून एसटीसारखा मोठा भोंगाही बसवला. गल्लीत शिरताना ‘आलो’ म्हणून ते तो दोनदा वाजवत, मग लिलाबाई शेजारी बसलेल्या असल्या तरी. “अवो, मी इथंच हाय ना,” त्या हसून म्हणत. आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो, अजिंठ्याला गेलो, थेट सांचीपर्यंत गेलो. जिथं सावली दिसेल तिथं चूल मांडावी तसा आमचा संसार मांडला जाई. लोक कौतुकानं आत डोकावत. मी खूप सुखात होते, मित्रांनो.

मग एका उन्हाळ्यात जानराव दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत.

मला घरासमोरच्या निंबाखाली लावलं ते लावलंच. टायरमधली हवा गेली. टपावर निंबोळ्या कुजल्या. कोंबड्या माझ्याखाली अंडी घालू लागल्या, आणि यात कोणाला काही गैर वाटलं नाही. दुपारी लिलाबाई माझ्या दारापाशी खुर्ची टाकून लसूण सोलत बसत. मध्येच म्हणत, “अवो, आज भाजी अळणीच झाली.” ते माझ्याशी नसे, हे मला कळायचं. मला वाटायचं, साऱ्या वाशिम जिल्ह्यात माझ्याइतकं एकटं कोणी नसेल.

त्यातच लिलाबाईंचे गुडघे गेले. काठीशिवाय मोरीपर्यंत जाणं होईना. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. पुण्यात नोकरी करणारा त्यांचा मुलगा प्रसेनजित म्हणाला, गाडी विकू आणि त्यात गुडघे करू. चांगला भाव आला तरच ते होणार होतं. मी भंगाराच्या भावात गेले असते तर लिलाबाईंची काठी सुटली नसती आणि माझे तुकडे झाले असते.

प्रसेनजितनं मला रिसोडला नेऊन पत्र्याच्या खळग्यांत लांबी भरून घेतली आणि वर झगझगीत निळा रंग मारून आणला. त्याला वाटलं, नवी दिसेल तर भाव येईल. झालं उलटंच. जुन्या गाड्यांचा व्यापारी जगदेव आला, माझ्या अंगावर टिचक्या मारत फिरला आणि म्हणाला, “एवढा ताजा रंग? काय लपवून राह्यले तुमी? ॲक्सिडेंटची दिसते.” त्यानं भंगाराचा भाव सांगितला. त्याच्यामागून आलेले दोघंतिघंही तेच बोलून गेले. मी आयुष्यात कोणाला साधी धडकलेसुद्धा नव्हते!

मग एकाचा फोन आला. तो स्वतःला मोठा साहेब म्हणवत होता. भाव कबूल, पैसे आत्ता पाठवतो, फक्त मोबाइलवर आलेला नंबर सांगा, म्हणाला. लिलाबाई म्हणाल्या, “पैसे तू देऊन राह्यला, मंग नंबर मी काहून सांगू? अन् गाडी न पाह्यताच घेतेस? चाय पेयाले ये, मंग बोलू.” तो चहाला आला नाही, आणि त्याचा फोनही पुन्हा आला नाही.

शेवटी धनजहून एक जोडपं आलं, हरीओम आणि ज्योत्स्ना. ते मधमाश्या पाळायचे. जिकडे पीक फुलावर येईल तिकडे पेट्या घेऊन जायचं आणि फूल सरेपर्यंत शेतातच राहायचं. त्यांना चाकांवरचं घर हवं होतं. हरीओमनंही टिचकी मारली आणि त्याचाही चेहरा पडला.

लिलाबाई उठल्या. काठी टेकत घरात गेल्या, उलथणं घेऊन आल्या आणि मागच्या कोपऱ्यावरचा नवा रंग त्यांनी खरवडून काढला. खालचा गंज उघडा पडला. मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

“हा गंज. अन् पलंगावर डाव्या कोन्यात गळते. बापू, टपावर चढ अन् बकेटभर पाणी टाक. आपल्या डोयानं पाहा,” त्या हरीओमला म्हणाल्या.

फोनवर ऐकत असलेला प्रसेनजित कळवळला. “माय, तू कायले सांगून राह्यली गळते म्हणून?”

“तुह्या बापानं प्रवाशाले कदी खोटा टाइम सांगतला नाही,” लिलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पाणी टाकलं, आणि मी डाव्या कोपऱ्यात गळले. दुसरीकडे कुठंच नाही. हरीओम खाली उतरला तो हसतच. “मावशी, गळते ते समजलं. आता बाकीच्याचा भरोसा आला.” मला चालवून पाहताना लिलाबाई स्वतः शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. पत्र्याच्या कामापुरते थोडे पैसे कमी करून लिलाबाईंनी मागितलेला भाव हरीओमनं दिला. तरी लिलाबाईंनी चावी लगेच सोडली नाही. आधी बँकेत जाऊन पैसे जमा झालेले पाहिले, मग आरटीओत मला हरीओमच्या नावावर करून दिलं, आणि त्यानंतर चावी ज्योत्स्नाच्या हातावर ठेवली.

ज्योत्स्ना म्हणाली, “मावशी, इकडून जाऊ तवा चाय पेयाले येतो आमी.”

“या व बाई. नक्की या,” लिलाबाई म्हणाल्या.

नवे मालक माणसं चांगली आहेत. त्यांनी गळती बंद केली, गंज घासला. माझ्या शेगडीवर पुन्हा भाजी शिजते आणि पडदे अजून तेच आहेत. सूर्यफुलांत राहिले, कांद्याच्या फुलांत राहिले. पण चहाला जायचं राहूनच गेलं. कधी पेट्या उतरवायची घाई, कधी आणखी काही. साधा एक फोनही कोणी केला नाही.

परवा आम्ही रिसोडकडे निघालो आणि वाट रिठदवरून होती. गल्लीच्या तोंडाशी शेळ्या आडव्या आल्या, म्हणून हरीओमनं भोंगा वाजवला. दोनदा.

मी निंबाकडे पाहिलं. जिथं मी उभी असायचे ती जागा मोकळी होती. तिथं कोणी चूल मांडली नव्हती, लाकडं रचली नव्हती. माझं दार जिथं यायचं, बरोब्बर तिथं खुर्ची होती, आणि खुर्चीत लिलाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. भोंगा ऐकताच त्या उठल्या. काठी नव्हती! माझ्या पैशातून झालेल्या गुडघ्यांवर त्या भराभरा चालत फाटकापर्यंत आल्या. लसणाची टरफलं पदरावरून रस्त्यावर सांडली.

तोवर शेळ्या गेल्या होत्या आणि आम्हीही निघालो होतो. मागे पाहायच्या आरशात त्या फाटक धरून उभ्या दिसल्या, आणि वळण येईपर्यंत उभ्याच दिसल्या. मी उगाच स्वतःला सगळ्यांत एकटी समजत होते.

तेव्हा मित्रांनो, जुनी गाडी विकताना काही लपवू नका, आणि पैसे हाती आल्याशिवाय चावी सोडू नका. पण एखाद्याच्या अंगणातून गाडी घेऊन जाल, तर पुन्हा त्या वाटेनं जाताना घडीभर थांबा. चाकं माझी असली तरी ब्रेकवरचा पाय दुसऱ्याचा असतो. मला थांबता येत नाही. तुम्हाला येतं.