घेटुळीचा मुका नेम

नवघरच्या रखमाबाईचे सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या सगळ्या आळीला पाठ होत्या. एक नेम मात्र घरातसुद्धा कुणाला ठाऊक नव्हता. चाळीस दिवसांचा तो संकल्प तिनं देवापुढं दिवा लावून मनातल्या मनात सोडला होता. तिच्या माहेरची रीतच तशी, मोठ्या मागण्याचा नेम ओठावर आणायचा नाही. बोलला की फळ गेलं.

मागणं नवऱ्यासाठी होतं. धर्मानं उभी जवानी मिठागरात काढली. मिठागर बंद पडलं तेव्हा गुडघे कामातून गेले होते. मग केबिन रोडवरच्या औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी यायला लागली. सकाळी एक, संध्याकाळी एक, अशी बारा वर्षं. गोळी घेतली की माणूस हिंडायचा-फिरायचा, म्हणून रखमाबाईच आठवणीनं पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची. या उन्हाळ्यात पाय सुजले, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं की किडन्या थकल्यात. उरल्यात तेवढ्या सांभाळू, नाहीतर मशीनवर रक्त धुवावं लागेल.

अशात तिची भाची रुचिता जेवायला आली. पोरगी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजात उंदरांवर प्रयोग चाललाय, असं कौतुकानं सांगत होती. दुखण्याच्या गोळ्यांच्या जबर डोसानं उंदरांचं लिव्हर आणि किडनी खराब होते, पण पुनर्नव्याच्या पाल्याचा अर्क दिलेले उंदीर बरेच वाचले. पाल्यात अँटिऑक्सिडंट असतात, ते विषाचा मारा आपल्या अंगावर घेतात. रखमाबाईनं विचारलं, पुनर्नवा म्हणजे कोणता गं पाला?

"आपली घेटुळी, आत्या. तू भाजी करतेस ती."

तव्यावरची भाकर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. देवानं औषध ठेवावं आणि तेही आपल्या दारापासून हाकेवर!

दुसऱ्या दिवसापासून नेम सुरू झाला. रोज पहाटे अंघोळ करून ती मिठागराच्या वाटेला जाई, घेटुळी खुडून आणी, पाट्यावर वाटून फडक्यातून गाळी, देवापुढं ठेवी आणि तो वाटीभर रस धर्माच्या हातात देई. काय आहे ते विचारलं की म्हणे, नाव घ्या देवाचं आणि प्या. धर्मा तोंड वेडंवाकडं करी.

"तुजा देव लय कडू हाय गो रखमे."

डॉक्टरबाईंनी पालेभाजी, नारळपाणी, काढे सगळं बंद करायला सांगितलं होतं. रखमाबाईनं त्याच्या ताटात पाल्याचं पान पडू दिलं नाही. पण रस म्हणजे काही जेवण नव्हे. देवापुढचं तीर्थ ते, त्याला कसलं पथ्य? तिसऱ्या आठवड्यात रक्तातलं पोटॅशियम वाढलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरचं काही देताय का? रखमाबाईनं मान हलवली. नाही. खोटं बोलतोय असं तिला वाटलंच नाही.

छत्तिसाव्या दिवशी धर्मा न्हाणीतून येताना भिंतीला धरून खाली बसला. नाडी मंद पडली होती. दवाखान्यात नेलं, रुचिता धावत आली. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "पोटॅशियम कुठून येतंय तेच कळत नाहीये. काही देत असाल तर सांगा मावशी, मी रागावणार नाही."

चार दिवस उरले होते. बोलावं तर छत्तीस दिवसांचं पुण्य पाण्यात जाणार, न बोलावं तर माणूस. तिनं पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"घेटुळीचा रस देते. रोज वाटीभर."

डॉक्टरबाई खरंच रागावल्या नाहीत. त्या पाल्यात पोटॅशियम खूप असतं, धडधाकट माणसाची किडनी ते बाहेर टाकते, यांची टाकू शकत नाही, ते साचलं की हृदय मंदावतं, एवढं सांगून त्या घाईनं आत गेल्या. रुचिताच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आत्या, उंदरांना आम्ही पाला आधी दिला होता गं. आठवडाभर आधी. मग गोळ्या."

"आन् ज्यांचं आधीच बिघडलेलं?"

"तसे उंदीर आम्ही घेतलेच नव्हते."

त्याच दिवशी धर्माला मशीनवर घेतलं. नाडी सुधारली, पण मशीन सुटलं नाही. रखमाबाईनं डॉक्टरबाईंना एकच विचारलं, हे माझ्या हातानं झालं का? त्या म्हणाल्या, मोठं नुकसान गोळ्यांनी केलंय, रसानं किती घाई केली ते सांगता येणार नाही. गोळीबरोबर पाण्याचा पेला कोण देत होतं, हे त्यांनी विचारलं नाही. तीही बोलली नाही.

आता आठवड्यातून तीनदा दवाखाना आणि दिवसाला मोजून तीन पेले पाणी. देवाचं पळीभर तीर्थही त्यातच धरून. एकदा दुपारी चारला धर्मानं हाक मारली.

"घोटभर दे गो. घसा सुकलाय."

दुपारचा पेला संपला होता. कुणीतरी सांगितलं होतं, ओठ तेवढे ओले करा. तिनं बोटं पाण्यात बुडवून त्याच्या ओठांवरून फिरवली आणि एकदम हात मागं घेतला, माणसाच्या तोंडात असं पाणी कधी घालतात ते आठवून. धर्मानं ओठांवरून जीभ फिरवली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. संध्याकाळच्या पेल्याला अजून दोन तास होते.