सान तादेओतलं एक मत

"आम्पारो," तोमासा म्हणाली आणि कागद डावीकडच्या ढिगावर ठेवला. "आम्पारो. आम्पारो. हीपण आम्पारो."

शाळेच्या खिडकीबाहेर सगळं सान तादेओ गाव लोटलं होतं. मतदान संपलं होतं. मोजणीच्या खोलीत बाहेरच्यांना मज्जाव होता, पण खिडकी उघडी ठेवायला कुणाची हरकत नव्हती. तोमासा एरवी कोंबड्या विकायची. सोडतीत नाव निघालं म्हणून आज ती केंद्रप्रमुख होती, आणि सकाळपासून तिनं सख्ख्या नवऱ्यालाही ओळख दाखवली नव्हती. एकेक मतपत्रिका उलगडायची, दिव्याखाली धरायची, नाव वाचायचं. की खिडकीबाहेरचा जमाव तिच्यामागून तेच नाव म्हणायचा. हळूहळू त्याला ठेका आला. कुणीतरी बादली पालथी घालून बडवायला लागलं. डोंगरातलं कुणी आजवर गव्हर्नरच्या निवडणुकीला उभंसुद्धा राहिलं नव्हतं, आणि ही तर त्यांच्याच गावची मुलगी, दवाखान्यात ज्याला त्याला सुया टोचणारी डॉक्टरीण आम्पारो.

"हिच्यावर नावाभोवती बदाम काढलाय," तोमासा थांबून म्हणाली. "चालेल का?"

तिनं लाउरोकडे पाहिलं. लाउरो गावचा पाववाला. समोरच्या पक्षाचा, म्हणजे रेन्तेरियाचा प्रतिनिधी म्हणून तो टेबलाशी बसला होता. त्याचा बाप त्या पक्षात होता म्हणून तो त्या पक्षात होता, याहून जास्त कारण त्यालाही सांगता आलं नसतं.

"चालेल की," तो म्हणाला. "मन कळतंय ना माणसाचं."

बाहेर हशा पिकला. दाराशेजारच्या बाकावर बायकांनी कुकामावशीला मधोमध बसवलं होतं. आम्पारोची आई ती.

"मावशी, आता काय बाई, गव्हर्नरची आई. आमच्याशी बोलाल ना?"

"तुझ्याशी आत्ता तरी कुठं बोलते मी," कुकामावशी म्हणाली, आणि बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

"आम्पारो. आम्पारो." तोमासाचा आवाज बसत चालला होता. मग ती थांबली. कागद तिनं उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"रेन्तेरिया," ती म्हणाली.

बादली बंद पडली. खिडकीशी उभे असलेले लोक मागे वळून एकमेकांकडे बघू लागले. तोमासानं तो एकटा कागद उजवीकडे ठेवला आणि घसा खाकरून पुढचा उचलला. "आम्पारो."

शेवटी हिशेब लागला तो असा: आम्पारोला तीनशे अकरा, रेन्तेरियाला एक.

ते एक मत कुकामावशीचं होतं.

पडद्यामागे उभं राहून तिनं रेन्तेरियाच्या फोटोवर मताची फुली मारली होती. रेन्तेरिया तिला फुटक्या डोळ्यानंही बघवत नसे. पण बावीस वर्षांपूर्वी तिचा नवरा निकानोर तालुक्याचा महापौर म्हणून निवडून आला होता, आणि तिसऱ्या महिन्यात जंगलतोडवाल्यांनी त्याला पुलावर गोळ्या घातल्या होत्या. यंदा प्रचारात आम्पारो घरी आली तेव्हा मावशीनं तिला कुशीत घेतलं, तर हाताला काहीतरी टणक लागलं. "पट्टा आहे गं, पाठ धरलीय," आम्पारो म्हणाली. पाठीचा पट्टा कसा असतो आणि बुलेटप्रूफ जाकीट कसं असतं, हे न कळण्याइतकी मावशी खुळी नव्हती. मुलीला तिनं एका शब्दानं अडवलं नाही. अडवून थांबणारी ती मुलगीच नव्हती. पण पडद्यामागे गेल्यावर आपल्या हातानं तिला पुढे ढकलणं तिच्याच्यानं झालं नाही, एवढंच.

आणि हे आपल्या एकटीचं मत असं उघडं पडेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, रेन्तेरियाची पंधरा-वीस मतं तर गावात असतीलच. त्यात आपलंही एक जाईल.

"लाउरोकाका," कुणीतरी खिडकीतून म्हणालं, "एकटं वाटत असेल ना?"

"मी नाही दिलं," लाउरो म्हणाला.

"मग काय रेन्तेरिया स्वतः येऊन देऊन गेला?"

"अरे, खरंच नाही दिलं. सान तादेओची शपथ. त्या पोरीनं माझ्या ओफेलियाचं बाळंतपण केलंय, दोन दिवस अडली होती बाई. मी तिच्याविरुद्ध मत देईन?" मग तोमासाकडे वळून तो हळूच म्हणाला, "हे पक्षाला कळवू नका म्हणजे झालं."

यावर तर लोक पोट धरधरून हसले. कुणाचा काडीचाही विश्वास बसला नाही. कुकामावशी पायांकडे बघत राहिली. आत्ताच बोलून टाकावं असं तिच्या मनात आलं; पण तेवढ्यात पाण्याच्या टाकीवरून आरोळी आली आणि सगळे तिकडे पळाले.

फोनला रेंज मिळायची ती फक्त टाकीवर. विजेच्या तारांचं काम करणारा चेमा वर चढून बसला होता आणि राज्यभरचे आकडे खाली ओरडून सांगत होता.

"राजधानीत पुढे आहोत."

खाली कल्लोळ.

"किनाऱ्यावर मागे पडलो."

"किती?"

"पुष्कळ."

खाली शिव्या. कुणी किनाऱ्याच्या माशांना, कुणी तिथल्या माणसांना. मग दक्षिणेकडच्या ऊसवाल्यांचे आकडे आले आणि फरक निम्म्यावर आला. म्हातारे जपमाळ ओढत होते, त्यातही एक जण मध्येच विचारायचा, "आता किती?" कुकामावशीला कुणी खुर्ची दिली, कुणी शाल दिली, कुणी मक्याचं गरमागरम आतोले पेलाभर आणून हातात दिलं. चेमा 'मागे' म्हणाला की तिचा श्वास मोकळा व्हायचा. 'पुढे' म्हणाला की सगळा गाव उसळायचा. त्या उसळीत तीही खुर्चीवरून अर्धी उठायची, आणि ते भीतीनं नसायचं. याचा तिला राग येत होता. ती लवकरच उठून घरी गेली. दमली असेल, असं सगळ्यांना वाटलं.

पहाटे ती आतषबाजीच्या बाणांच्या आवाजानं जागी झाली. पहिला फुटला तेव्हा ती उठून बसली आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. मग दुसरा फुटला, तिसरा फुटला, चर्चची घंटा सुरू झाली, आणि भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "मावशी, जिंकलो. चार हजारांनी जिंकलो." सबंध राज्यात चार हजार म्हणजे केसाइतका फरक.

कुकामावशीनं चूल पेटवली. मिरच्या भाजल्या, तीळ भाजले, मोलेचा रस्सा करायला घेतला. लेक जेवायला येणार होती. मोलेत मीठ किती पडलं हे तिला दोनदा चाखूनही कळेना. डोळे पुसले तर डोळ्यांत तिखट गेलं. मग ती मोकळेपणानं रडली. आनंदानं रडली की कशानं, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

सकाळी पाव आणायला गेली तर लाउरोच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. रोज या वेळी पाव संपलेला असे. आज टोपल्या शिगोशीग भरलेल्या होत्या आणि दुकानाच्या फळीवर कुणीतरी चुन्यानं हा एवढा मोठा एकचा आकडा काढला होता. रस्त्यानं जाणारे आत डोकावून म्हणत, "काय एकमतवाले, रेन्तेरिया पाव न्यायला आला नाही वाटतं?"

"सहा दे," मावशी म्हणाली.

लाउरोनं आठ बांधले. "कुकामावशी, तुम्हाला तरी खरं वाटतं ना?"

"मला ठाऊक आहे तू नाही दिलंस ते."

"ओफेलियाला वाटत नाही," तो म्हणाला. "रात्रीपासून बोलली नाही माझ्याशी. ज्या डॉक्टरणीनं जीव वाचवला तिला तू असा उलटलास, म्हणते."

मावशीनं ओठ उघडले. त्याच वेळी गावाच्या वेशीवर मोटारींचे भोंगे वाजायला लागले आणि लाउरोच म्हणाला, "जा, जा, लेक आली तुमची."

आम्पारो आली ती माणसांच्या डोक्यांवरूनच चौकात पोहोचली म्हणायची. तिला दोन पावलं धड टाकता येत नव्हती. कुणी हार घालत होतं, कुणी तान्हं मूल पुढे करत होतं, कुणी तिथेच बाही वर करून जुनी जखम दाखवत होतं. काळ्या चष्म्यांचे चार रक्षक घामाघूम झाले होते. बँड तेच एक गाणं तिसऱ्यांदा वाजवत होता. फळ्या टाकून केलेल्या मंचावर ती चढली, तेव्हा तिचा आवाज पार गेलेला होता. "माझ्या गावा," एवढंच ती कशीबशी म्हणाली आणि सगळा चौक रडायला लागला.

मंचासमोर पहिल्या रांगेत आईची खुर्ची होती.

मग चेमाला लहर आली. तो आणि आणखी दोघे लाउरोला बखोटीला धरून मंचावर घेऊन आले. "डॉक्टरीणबाई," चेमा माइक घेऊन म्हणाला, "तीनशे बारापैकी तीनशे अकरा तुमचे. उरलेला हा. याला काय शिक्षा करायची, सांगा."

लोकांना गंमत वाटली. "टाकीत बुडवा," कुणी ओरडलं. "रेन्तेरियाच्या घरी पाठवा." एक पाव उडत आला आणि लाउरोच्या खांद्याला लागून खाली पडला. लाउरोच्या भुवयांवर अजून पीठ होतं. टोपी पोटाशी धरून तो उभा होता आणि हसण्याचा प्रयत्न करत होता. ओफेलिया गर्दीत होती. तिनं मान खाली घातली आणि बाहेर पडण्यासाठी वाट काढू लागली.

कुकामावशी उभी राहिली.

"त्याला सोडा," ती म्हणाली. "ते मत माझं आहे."

जवळचे हसले. मावशीच्या जिभेला हाड नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"हसताय काय? रेन्तेरियाच्या फोटोवर फुली मारली ती मी. या हातानं. ओफेलिया, थांब जरा. तुझ्या नवऱ्यानं खरं सांगितलं तुला. आणि तुम्ही दांडगोबांनो, त्याला खाली उतरू द्या."

लाउरोला धरणाऱ्यांचे हात आपोआप सुटले. आम्पारो आईकडे बघत राहिली. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल झाला. तिनं चेमाच्या हातातून माइक घेतला.

"लाउरोकाकांना खुर्ची द्या," ती म्हणाली. "माझ्या शेजारी. आणि काका, दुकानात पाव शिल्लक आहे का? कालपासून पोटात काही नाही माझ्या."

"आहे," लाउरो म्हणाला. "सगळाच आहे."

मग काय, टोपल्याच्या टोपल्या चौकात आल्या. बँड सुरू झाला. लोकांना हात कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं, ते पाव खायला लागले. ओफेलियानं स्वतः पाव वाटला, आणि चेमाच्या हातात देताना जरा आपटूनच दिला.

आम्पारो आईबरोबर घरी आली. रक्षक दाराबाहेर थांबले. मावशी मक्याच्या तोर्तिया भाजू लागली. आम्पारो उभीच राहिली.

"किनाऱ्यावर मत मिळणार नाही, शहरात मिळणार नाही, असं सगळे म्हणायचे," ती म्हणाली. "तेव्हा मी म्हणायचे, एक तर नक्की आहे. आईचं."

"बस. गार होतंय."

"मी बोलतेय, आई."

"ऐकतेय मी. कान आहेत मला."

"का केलंस असं?"

मावशीनं तव्यावरची तोर्तिया उलटली. "तुझ्या बापाला मत दिलं होतं मी. आणि ज्या हातानं दिलं, त्याच हातानं त्याचा शर्ट धुतला. डाग गेला नाही. दुसऱ्यांदा नाही जमलं मला."

आम्पारो खाली बसली. तिनं मोलेची ताटली पुढे ओढली.

"मग कोरी ठेवायची होतीस पत्रिका," ती म्हणाली. "रेन्तेरियाला कशाला? तो माणूस तुला आवडत तरी होता का?"

"नाही ना. म्हणून तर. त्याला काही झालं तर मला काय त्याचं."

आम्पारोनं आईकडे पाहिलं. हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. ठसका लागेपर्यंत ती हसली, आणि हसता हसताच तिनं तोंडावर हात घेतला. मावशीनं तिच्या पाठीवर थोपटलं आणि ताटलीत आणखी एक तोर्तिया टाकली.

"पुन्हा उभी राहिले तर?"

"पुन्हा त्यालाच देईन. खा."

आम्पारोनं जेवण संपवलं, ताटली पुसून घेतली. चौकात तिचं नाव घेऊन लोक ओरडत होते. जिंकलेल्या माणसानं पहिला नाच नाचायचा, असा गावाचा रिवाज. तिनं आईचा हात धरला. मावशी नको नको म्हणत गेली.

चौकातली गर्दी आपोआप मागे सरली. एका म्हातारीनं मावशीची शाल धरायला घेतली. बँडनं सुरुवात हळू केली आणि मग वेग धरला, तशा लोकांनी टाळ्या धरल्या. लाउरो आणि ओफेलियाही नाचात उतरले. मावशीचे गुडघे दुखत होते तरी तिचे पाय चुकत नव्हते.

"किती छान नाचतेस गं अजून," आम्पारो तिच्या कानाशी म्हणाली.

मावशीची नजर कौलांवरून फिरत होती, गच्च्यांवरून, उघड्या खिडक्यांवरून. आणि दर गिरकीला ती लेकीला अलगद चर्चच्या भिंतीकडे वळवून घेत होती, आणि आपली पाठ रस्त्याकडे करत होती.