ताईला विचारण्याजोगं काम

जुना कॉम्प्युटर गेला तो भर कामात. पडदा आधी निळा झाला, आतून खर्रर्र आवाज आला आणि मग सगळं काळंकुट्ट. कारखान्यातल्या मावशींनी त्याच्या पाठीवर दोन सणसणीत थापा मारून पाहिल्या. एरवी तो थापा खाऊन शुद्धीवर यायचा. या खेपेला त्याने दाद दिली नाही.

“संपला गं बाई,” मावशी म्हणाल्या आणि हात झटकून चहा ठेवायला गेल्या.

छोटी मात्र तिथेच उभी राहिली. छोटी म्हणजे नावाची छोटी हो. डोक्यात पांढरे केस, गुडघा दुखरा, चाळीस कधीच मागे पडलेली. पण घरात धाकटी म्हणून ताईने लहानपणी ‘छोटे’ अशी हाक मारली ती चिकटली, आणि आता धागेवाल्यापासून बँकेतल्या बाईंपर्यंत सगळे तिला छोटीच म्हणत. भरतकामाचा हा कारखाना वडलांनी सुरू केलेला. कारखाना म्हणायचं आपलं, आहे एक लांबट खोली: भिंतीला रंगवार धाग्यांची रिळं, मधे पडदा, पडद्याच्या पलीकडे बारा सुयांचं मशीन आणि सगळीकडे उडणारी धाग्यांची कुसं. गणवेशाच्या खिशावरचे बिल्ले इथे भरले जातात. शाळेचे, पहारेकऱ्यांचे, बसवाल्यांचे.

मशीनला चित्र कळत नाही, त्याला टाके कळतात. चित्राचे टाके करून देणारा प्रोग्रॅम ताईने लिहिला होता, फार पूर्वी, याच खोलीत बसून, छोटीला शेजारी बसवून. पुढे ताई नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेली आणि तिथलीच झाली. प्रोग्रॅम इथे राहिला. बाजारात तसलं सॉफ्टवेअर विकत मिळतं, नाही असं नाही. पण इतक्या वर्षांची सगळी नक्षी ताईच्या प्रोग्रॅमलाच वाचता यायची, दुसऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे.

तर असा सगळा घोळ. ऑर्डर अडकलेली, मशीन गप्प, शाळेचा माणूस फोनवर फोन करतोय. आणि छोटीच्या पोटात काय, तर गुदगुल्या! कोणी ऐकलं तर वेडी म्हणेल. पण खरं तेच होतं. बाई मनातल्या मनात म्हणत होती, आता ताईला फोन करायला हवा. आता करावाच लागेल.

त्याचं असं होतं. आई छोटीजवळ राहायची. आई होती तोवर ताईचा रोज फोन. गोळी घेतली का, पाय सुजलेत का, जेवली किती, झोपली किती. त्या चौकश्यांच्या पोटात बाकीचं सगळं येऊन जायचं: कोण काय म्हणालं, कोणाची नवी साडी, जुनी भांडणं, खिदळणं. आई गेली आणि विचारायचं काही उरलंच नाही. भांडण नाही, तंटा नाही, दोघींत एक वाकडा शब्दही निघाला नव्हता. फोन आपला विरळ होत गेला. एकदा न राहवून छोटीने सहज लावला, तर ताई म्हणाली, “काय गं, काही काम होतं का?”

तिच्या आवाजात काही वावगं नव्हतं. कामाच्या गडबडीत असेल बिचारी. पण छोटीला ते असं लागलं म्हणता! “नाही, सहजच,” ती म्हणाली. मग दोघींनी हवा कशी आहे ते एकमेकींना सांगितलं आणि फोन ठेवला. त्यानंतर नुसती सकाळची फुलांची चित्रं. हिने गुलाब पाठवायचा, तिने सूर्यफूल. बहिणी कसल्या, फुलवाल्या झाल्या होत्या दोघी.

आता मात्र काम होतं. चांगलं दणदणीत काम! फक्त एक अडचण होती. ताईची शिस्त. शिकवतानाच तिने बजावलं होतं, “आधी स्वतः डोकं आपट. सगळीकडून आपटून झालं की मग माझ्याकडे ये.” प्रयत्न न करता विचारलं तर ती पहिल्या वाक्यालाच झाडणार. म्हणून छोटीने नवा कॉम्प्युटर आणला, ताईच्या प्रोग्रॅमची जपून ठेवलेली प्रत त्यावर चढवली आणि इमानदारीत डोकं आपटायला बसली.

सुरुवात झकास झाली, म्हणजे काहीच चाललं नाही. अशा प्रोग्रॅमला दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे लागतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. पहिलाच एरर आला की नक्षीतली वळणं मोजणारी लायब्ररी सापडत नाही. छोटीने ती इंटरनेटवरून उतरवली. तर दुसरा एरर: ही लायब्ररी फारच नवी आहे, प्रोग्रॅमला हवं ते यातून कधीच काढून टाकलंय. बरं, जुनी आणली. तर जुनीला जोडीला आणखी एक जुनीच हवी, आणि ती आली की कॉम्प्युटरमधली तिसरी रुसली. एकीची समजूत काढावी तर दुसरी गाठोडं बांधून दारात उभी.

“हे काय चाललंय तुझं?” मावशींनी चष्म्यावरून विचारलं. मावशी वडलांच्या वेळेपासून मशीनवर. त्यांना कोणाची भीड नव्हती. “ताईला लाव की फोन. तिचंच बाळ आहे ते.”

“लावते हो मावशी. अजून थोडं बघते.”

“बघ बाई. शाळा सुटेल तोवर.”

छोटी एररच्या पडद्यांचे फोटो काढून ठेवत होती, ताईला वाचून दाखवायला. एकेक फोटो काढताना तिला ताईचा आवाज ऐकू यायचा. इथे ती हसेल. इथे ‘अगं बावळट’ म्हणेल. इथे खुर्चीत पुढे सरकेल. किती दिवसांत असं काही मनात मांडून ठेवायला मिळालं नव्हतं. रात्री नवरा म्हणालाही, “कॉम्प्युटर बिघडलाय आणि तू गाणं काय गुणगुणतेस?”

आणि मग एका सकाळी घात झाला. छोटीच्या डोक्यात आलं, या सगळ्यांना एका घरात नांदवायचा अट्टहास कशाला? जुन्यांना वेगळं बिऱ्हाड थाटून द्यावं. कॉम्प्युटरमध्ये तशी सोय असते. एका प्रोग्रॅमपुरती बंदिस्त जागा करायची आणि तिथे त्याच्या ओळखीच्या जुन्या लायब्ररी ठेवायच्या, बाहेरच्यांशी संबंध नाही. तिने तसं केलं. बिल्ड सुरू केलं, म्हणजे ते सगळे तुकडे जोडून प्रोग्रॅम उभा करायला सांगितला. ओळींमागून ओळी सरकत गेल्या. लाल काहीच दिसेना. शेवटची ओळ आली आणि ताईचा प्रोग्रॅम उघडला, तोच करडा रंग, तीच बटणं. मावशींनी नमुन्याचा बिल्ला भरून पाहिला. टाका न् टाका जागच्या जागी.

“जमलं गं पोरी!” मावशी ओरडल्या.

छोटी खुर्चीत बसली ती एकदम रडायलाच लागली. हुंदके देऊन.

“अगं, चाललं ना? मग रडतेस काय?”

“चाललं म्हणूनच रडतेय,” छोटी म्हणाली. “आता ताईला काय विचारू?”

मावशींना काय ते कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी पदराने चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, “जेवून घेऊ आधी.”

कसंबसं जेवण झालं. तिकडे आत्ता सकाळ, सुट्टीचा वार, ताई घरी असणार. बराच वेळ ती फोन हातात घेऊन बसली. मग मनाचा हिय्या केला आणि लावला.

“हॅलो? छोटे? काय झालं? सगळे बरे ना?” ताईचा आवाज घाबरा.

“सगळे बरे. काम होतं,” छोटीने छाती पुढे काढून सांगितलं. “तुझा प्रोग्रॅम चालत नाहीये.”

आयुष्यात ही बाई खोटं बोलली असेल नसेल. पण त्या दिवशी अशी बोलली की बघतच राहावं.

“नवा कॉम्प्युटर घेतला असशील. एरर काय येतोय? वाच.”

छोटीने पहिला फोटो उघडून वाचला. ताई हसली, अगदी मनात मांडलं होतं तशीच. “अगं बावळट, ती लायब्ररी मिळते अजून. उतरव. मी सांगते तसं लिही.” छोटी कळफलकावर उगाच बोटं आपटत राहिली.

“उतरतंय का?”

“उतरतंय. पण नेट फार हळू आहे गं.”

“मग होऊ दे. तोवर गुडघ्याचं सांग.”

आणि मग गुडघ्यावरून ताईच्या कंबरेवर, कंबरेवरून तिच्या शेजारणीवर, शेजारणीवरून लहानपणच्या त्या तोतऱ्या मास्तरांवर. मधेमधे ताई विचारायची, झालं का? छोटी म्हणायची, अजून नाही. दुसरा एरर तिने कंजूष माणसासारखा पुरवून पुरवून वाचला. मधेच ताई म्हणाली, “आईची उशी कोणाकडे आहे गं?”

“माझ्याकडे. खोळ धुतली नाहीये अजून.”

“नको धुऊस,” ताई म्हणाली.

तेवढ्यात पडद्यापलीकडे मावशींचं जेवणानंतरचं पेंगणं संपलं. शाळेची ऑर्डर उरकायची होती. त्यांनी कापड ताणून बसवलं आणि बटण दाबलं. बारा सुयांचं ते मशीन काय मुकाट्याने चालणार थोडंच! खडखडखडखड करत सगळी खोली दणाणली. छोटीने फोनवर हात धरला, पण हाताने काय होतंय.

ताईचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. तिने या खोलीत उमेदीची वर्षं काढली होती. प्रोग्रॅमने टाके दिल्याशिवाय ते मशीन हूं की चूं करत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

“छोटे, मशीन चालू आहे?”

“हो.”

“माझ्याच प्रोग्रॅमवर?”

“हो.”

“कधी जमलं?”

“सकाळी.” छोटीचा चेहरा कानापर्यंत तापला. आता लपवून काय करायचं? “ताई, मला तुझी फार आठवण येते गं. आई गेल्यापासून तुला फोन कशासाठी करायचा तेच कळेनासं झालं. काम नसताना केला की मला आपली अडचण केल्यासारखं वाटतं. म्हणून हे असं केलं. रागावू नकोस.”

इकडे मशीन खडखडत होतं. तिकडून ताईने नाक ओढल्याचं ऐकू आलं, घसा खाकरल्याचं ऐकू आलं.

“ते उतरतंय ना अजून?” ताईने विचारलं.

“काय?”

“डाउनलोड गं. किती झालंय?”

छोटीने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे काहीही उतरत नव्हतं. तिने डोळे पुसले.

“थोडंसंच झालंय,” ती म्हणाली. “नुकतं सुरू झालंय म्हण ना.”

“मग होऊ दे सावकाश. मी बसलेय,” ताई म्हणाली आणि तिने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.